रास्पबेरी पायचे कार्ड वारंवार बिघडते? नवे कार्ड आणण्याआधी वीज तपासा

रास्पबेरी पाय म्हणजे एकाच बोर्डावर मावणारा छोटा संगणक; त्याची सिस्टीम मेमरी कार्डावर असते. ते कार्ड बिघडल्याची लक्षणे बहुतेक वेळा सारखीच असतात. बोर्ड चार-आठ दिवस नीट चालतो. मग एकदा वीज जाऊन येते आणि काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग येऊन तिथेच थांबते. किंवा विजेचा लाल दिवा लागतो, पण कार्ड वाचले जात असल्याचा हिरवा लुकलुकतच नाही. किंवा डेस्कटॉप येतो, आणि ब्राउझर उघडला रे उघडला की बोर्ड आपोआप रीस्टार्ट होतो. कार्ड काढून त्यावर पुन्हा सिस्टीम चढवली की सगळे सुरळीत, आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. दोन-तीनदा असे झाले की माणूस कंटाळून नवे कार्ड आणतो. त्याचीही तीच गत होते.

कार्ड बिघडते हे खरे, पण मूळ दुखणे सहसा पाच व्होल्टच्या वाटेवर असते: अडॅप्टर, वायर, किंवा अचानक जाणारी वीज. गोव्यात पावसाळ्याचे चार महिने या तिसऱ्या कारणाचे. माडाची झावळी तारांवर पडते, वीज जाते, येते, पुन्हा जाते, आणि दर खेपेला बोर्ड अर्धवट सुरू होऊन अर्धवट बंद पडतो. म्हणून क्रम पाळा: आधी वीज, मग कार्ड, सिस्टीम सर्वांत शेवटी. उलट्या क्रमाने गेलात तर सिस्टीम पुन्हा चढवण्यातच शनिवार-रविवार जातील आणि दोष जागच्या जागी राहील.

आधी बोर्ड काय सांगतो ते वाचा

२०१४ च्या बी-प्लस या मॉडेलपासून पुढच्या बोर्डांवर (झिरो मालिका सोडून) व्होल्टेजवर नजर ठेवणारे सर्किट असते. पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की ते नोंद करते. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे पिवळे चिन्ह दिसते ते याचेच. पाय २ आणि पाय ३ या मॉडेलांवर त्याच वेळी लाल दिवा विझतो किंवा मिचकतो. लाल दिवा सतत लागलेला असायला हवा. तो मिचकत असेल तर कार्डाकडे बघूही नका, आधी वायर बदला.

पडदा जोडलेला नसेल तर टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, व्हीसीजेनसीएमडी (व्ही, सी, जी, ई, एन, सी, एम, डी) ही आज्ञा द्या, मग एक जागा सोडून गेट_थ्रॉटल्ड. सगळी अक्षरे अर्थातच इंग्रजी आणि लहान. उत्तरात शून्य-एक्स नंतर फक्त ० आले तर बोर्ड सुरू झाल्यापासून पुरवठा ठीक आहे. ५०००० आले तर आता ठीक, पण मधे केव्हातरी व्होल्टेज घसरले होते आणि त्यामुळे प्रोसेसरचा वेगही कमी केला गेला. ५०००५ म्हणजे या क्षणीही घसरलेले आहे. ई०००० किंवा ८०००० सारखे उत्तर आले तर मामला विजेचा नसून उष्णतेचा आहे; हवा खेळेल अशी केस किंवा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) हवी.

इथे एक गोष्ट बरेच जण चुकवतात. ही नोंद बोर्ड रीस्टार्ट झाला की पुसली जाते. नुकत्याच सुरू केलेल्या रिकाम्या बोर्डाला विचारून ० मिळाले म्हणजे काही सिद्ध होत नाही. आधी काम द्या: ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावा, वाय-फाय चालू ठेवा, पेन ड्राइव्हवर मोठी फाइल कॉपी करा. दहा मिनिटांनी, रीस्टार्ट न करता, तीच आज्ञा पुन्हा द्या. ते उत्तर खरे.

मल्टिमीटर असेल तर आणखी चांगले. मात्र त्याची टोके थेट जीपीआयओच्या, म्हणजे बोर्डाच्या कडेला बाहेरच्या जोडण्यांसाठी असलेल्या, पिनांवर टेकवू नका. पाच व्होल्टची पिन २ आणि ३.३ व्होल्टची पिन १ अगदी शेजारी आहेत; टोक घसरून दोन्हींना लागले तर बोर्ड कायमचा जातो. बोर्ड बंद असताना पिन ४ वर एक मादी-नर जंपर वायर (एका टोकाला भोक, दुसऱ्याला पिन) खोचा, पिन ६ वर दुसरी, ती ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची बाजू. मग बोर्ड सुरू करून वायरींच्या मोकळ्या टोकांशी व्होल्टेज मोजा, आणि ही टोके एकमेकांना लागू देऊ नका. कामाच्या ओझ्याखाली ४.९ ते ५.१ मिळाले तर उत्तम. ४.७ च्या आसपास असेल तर बोर्ड काठावर उभा आहे. पाय ५ ला मल्टिमीटरही लागत नाही: व्हीसीजेनसीएमडी, मग पीएमआयसी_रीड_एडीसी, मग मोठ्या अक्षरांत ईएक्सटी५व्ही_व्ही दिले की आत येणारे व्होल्टेज तो स्वतः सांगतो.

वायर: दहापैकी बहुतेक तक्रारी इथेच मिटतात

मोबाईलची चार्जिंग केबल फोनला चालते, कारण फोनच्या आत बॅटरी आहे. व्होल्टेज थोडे घसरले तर फोन फक्त सावकाश चार्ज होतो. बोर्डाकडे बॅटरी नाही. वायरीत जे हरवले ते हरवले.

किती हरवते ते साध्या हिशेबाने कळते. बारीक केबलमध्ये वीज वाहणारी तार २८ गेजची असते (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप). तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. एक मीटरच्या केबलमध्ये जायची आणि यायची मिळून दोन मीटर तार, म्हणजे ०.४२ ओहम. जोरात काम करणारा पाय ४ सहज १.२ अँपिअर ओढतो. १.२ गुणिले ०.४२ म्हणजे अर्धा व्होल्ट वायरीतच गेला. अडॅप्टरने ५.१ दिले तरी बोर्डापाशी ४.६ उरतात, आणि सर्किटची सीमा आहे ४.६३. तीच लांबी २४ गेजची असेल तर ०.२ व्होल्ट जातात, बोर्डाला ४.९ मिळतात. २० गेजची असेल तर जेमतेम ०.०८.

केबलच्या आवरणावर बारीक अक्षरांत गेज छापलेले असते, उजेडात तिरके धरून वाचा. दोन आकडे असतात. पहिला, बहुधा २८, हा डेटाच्या जोडीचा. त्याच्याशी आपले काम नाही. त्यापुढचा, २४ किंवा २२ किंवा २०, हा विजेच्या तारांचा. आकडा लहान तितकी तार जाड. काहीच छापलेले नसेल तर ती केबल फोनलाच ठेवा. लांबी एक मीटरच्या आत, आणि शक्य असेल तिथे केबल जोडूनच येणारा बोर्डाचा मूळ अडॅप्टर घ्या. तो ५ ऐवजी ५.१ व्होल्ट देतो ते याच तुटीसाठी.

अडॅप्टर: वॅटच्या आकड्यावर जाऊ नका

पाय ३ ला ५.१ व्होल्ट २.५ अँपिअर, पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ ला ५.१ व्होल्ट ५ अँपिअर, झिरो २ डब्ल्यूला ५ व्होल्ट २.५ अँपिअर. हे आकडे अडॅप्टरच्या लेबलवरच्या आउटपुटच्या ओळीशी ताडून पाहा.

"माझा चार्जर ६५ वॅटचा आहे, मग कमी कसा पडेल?" हा प्रश्न नेहमी येतो. ६५ वॅट तो २० व्होल्टवर देतो. लेबल नीट वाचा: ५ व्होल्टसमोर बहुधा ३ अँपिअर लिहिलेले असते. बोर्ड ९, १५ किंवा २० व्होल्ट मागतच नाही, त्यामुळे ते मोठे आकडे त्याच्या कामाचे नाहीत. फास्ट चार्जरचेही तसेच. काही फास्ट चार्जर ५ व्होल्टवर २ अँपिअरच देतात.

पाय ५ तीन अँपिअरच्या अडॅप्टरवर चालतो, पण मग यूएसबीच्या चारही पोर्टांना मिळून ६०० मिलीअँपिअरच सोडतो. पाच अँपिअरचा अडॅप्टर ओळखला तर १.६ अँपिअर. एसएसडी जोडली की ती दिसेनाशी होते, कीबोर्ड मधेच सुटतो, या तक्रारींचे मूळ बऱ्याचदा हेच.

आणखी एक जुनी गाठ: २०१९ साली आलेल्या पाय ४ च्या पहिल्या आवृत्तीत यूएसबी-सीच्या जोडणीत चूक होती. आत ओळख-चिप असलेल्या महागड्या केबलवर तो बोर्ड सुरूच होत नाही. पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. जुना बोर्ड हाताशी आला असेल आणि चांगल्या केबलवर मठ्ठ बसत असेल तर साध्या केबलवर लावून बघा.

चवथीचा देखावा आणि नरकासुर

आपल्याकडे पहिला प्रयोग बऱ्याचदा याच निमित्ताने होतो: गणपतीच्या मागे रंग बदलणारी एलईडी पट्टी, किंवा दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याचे डोळे आणि मान हलवणारी सर्व्हो मोटर. टेबलावर चाचणीत सगळे चालते, आणि ऐन वेळी सर्व दिवे पांढरे झाले की बोर्ड रीस्टार्ट होतो.

कारण साधे आहे. डब्ल्यूएस२८१२ जातीचा एक दिवा पूर्ण पांढऱ्या उजेडात सुमारे ६० मिलीअँपिअर घेतो. मीटरला ६० दिवे असलेली एक मीटर पट्टी ३.६ अँपिअर मागते. तीन अँपिअरच्या अडॅप्टरवर आधीच बोर्ड बसलेला आहे. एमजी९९६आर सारखी जाड सर्व्हो अडकली की तीच दोन अँपिअरहून जास्त ओढते. बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पिनेवरून ही वीज घ्यायचीच नाही.

पट्टी आणि मोटरींना वेगळा ५ व्होल्टचा एसएमपीएस (जास्त अँपिअर देणारा वीजपुरवठ्याचा डबा) द्या, दोन मीटर पट्टी असेल तर १० अँपिअरचा. त्याचे ग्राउंड आणि बोर्डाचे ग्राउंड एकमेकांना जोडा. हे विसरले तर दिवे वेड्यासारखे लुकलुकतात. पाच व्होल्टच्या तारा मात्र एकमेकींना जोडू नका. पट्टीच्या सुरुवातीला विजेच्या दोन तारांमध्ये १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, ध्रुव नीट बघून. डेटाच्या तारेत ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर. बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या, पट्टीला हवा पाच व्होल्टचा सिग्नल. मधे सिग्नल ३.३ वरून पाच व्होल्टवर नेणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप घातली की पहिला दिवा भलताच रंग दाखवत नाही. उलट दिशेने पाच व्होल्ट बोर्डाच्या सिग्नल पिनेवर कधीही येऊ देऊ नका. ती पिन जाते, आणि कधी कधी तिच्यासोबत प्रोसेसरही.

रिलेने २३० व्होल्टचे दिवे चालवणार असाल तर ती बाजू वायरमनकडून जोडून घ्या आणि मंडपाच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच) असल्याची खात्री करा. पावसात ओल्या जमिनीवर मुले उभी असतात.

वीज ठीक निघाली, आता कार्ड

मेमरी कार्ड लिहिते छोट्या तुकड्यांत, पण पुसते मोठ्या ठोकळ्यांत. चार ओळींची लॉग फाइल वाढवायची तरी कार्डाला अधूनमधून एक अख्खा ठोकळा दुसरीकडे हलवून जुना पुसावा लागतो. हे चालू असताना वीज गेली तर त्या ठोकळ्यातल्या इतर फाइलीही जातात. "त्या फाइलला कुणी हातसुद्धा लावला नव्हता" ही तक्रार म्हणून खरी असते. व्होल्टेज घसरून झालेला रीस्टार्ट कार्डासाठी वीज जाण्याइतकाच वाईट.

बिघडलेले कार्ड विंडोजच्या लॅपटॉपला लावले की "हा ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का" असे विचारले जाते. कॅन्सल करा. कार्डावर दोन भाग असतात. लहान भाग, बूटएफएस, विंडोजला वाचता येतो, मोठा वाचता येत नाही, म्हणून तो प्रश्न येतो. मोठा भाग बिघडला असेलच असे नाही. बूटएफएस उघडून त्यातली सीएमडीलाइन.टीएक्सटी ही फाइल साध्या एडिटरमध्ये उघडा. तिच्यात एकच लांब ओळ असते. त्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून एफएससीके.मोड=फोर्स लिहा, एंटर दाबू नका, सेव्ह करून कार्ड बोर्डात घाला. सुरू होताना सिस्टीम मोठा भाग तपासते आणि जमेल तेवढे दुरुस्त करते. बरेचदा काम वाचते. वाचले तर आधी आपल्या फाइली बाहेर काढा, मग तो शब्द ओळीतून काढून टाका.

हिरवा दिवा ठरावीक लयीत मिचकत असेल तर मोजा. चार वेळा मिचकून थांबत असेल तर सुरुवातीची फर्मवेअर फाइल सापडत नाही. सात वेळा म्हणजे कर्नल, सिस्टीमचा गाभा, सापडत नाही. दोन्हींचा अर्थ बोर्ड जिवंत आहे आणि कार्डावरचा मजकूर गेला आहे, सिस्टीम पुन्हा चढवा. पाय ४ आणि ५ वर कार्ड न वाचता आल्यास पडद्यावरच तपशील येतो, पण केबल पहिल्या एचडीएमआय पोर्टात हवी. पाय ४ वर तो विजेच्या पोर्टाला लागून असतो.

सिस्टीम कार्डावर चढवणारा प्रोग्रॅम, रास्पबेरी पाय इमेजर, लिहून झाल्यावर पडताळणी करतो. ती टाळू नका. पडताळणीत अपयश आले तर दुसरा कार्ड रीडर वापरून बघा; तिथेही अपयश आले तर कार्ड बाद. कार्ड नकली आहे का हे रिकाम्या कार्डावर विंडोजमध्ये एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्समध्ये एफ३ या प्रोग्रॅमने कळते. ते कार्ड पूर्ण भरून परत वाचतात. वर ६४ जीबी छापलेले आणि आत ८ जीबी असले की तिथेच उघडे पडते. नवे घेताना ए१ चिन्हाचे ३२ जीबी पुरेसे आहे. बोर्ड रात्रंदिवस चालणार असेल तर डॅशकॅमसाठी मिळणारे हाय एन्ड्युरन्स कार्ड घ्या.

बिघाड नसताना बिघाड वाटणाऱ्या दोन गोष्टी. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड कार्डावरचा भाग वाढवतो आणि स्वतःच रीस्टार्ट होतो. या काही मिनिटांत घाबरून प्लग काढला तर खरोखरच बिघडतो. आणि एप्रिल २०२२ पासून पीआय-रास्पबेरी ही तयार लॉगिनची जोडी नाही. जुन्या व्हिडिओत बघून तेच टाइप करत बसू नका. इमेजरमध्ये आपले नाव, पासवर्ड, वाय-फाय आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून बोर्डात शिरायची सोय) आधीच भरा.

वीज जाणारच, मग काय करायचे

सर्वांत स्वस्त उपाय सॉफ्टवेअरचा. रास्पी-कॉन्फिग हा सेटिंगचा प्रोग्रॅम उघडा, परफॉर्मन्स ऑप्शन्समध्ये ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करा, बूटचा भागही केवळ वाचण्यापुरता ठेवा. आता सगळे लिखाण रॅममध्ये होते, कार्डाला हात लागत नाही, वीज कितीही वेळा गेली तरी फरक पडत नाही. देखावा, पावसाचे मोजमाप दाखवणारा फलक, दुकानातला पडदा यांना हा उपाय चपखल. अट एवढीच की रीस्टार्ट झाल्यावर मधले सगळे पुसले जाते. मोजमापे जपायची असतील तर ती पेन ड्राइव्हवर लिहा किंवा नेटवर्कवरून दुसरीकडे पाठवा. बदल करायचा झाला की ओव्हरले बंद, रीस्टार्ट, बदल, पुन्हा चालू.

नीट बंद करण्यासाठी पाय ५ ला बटण आहे. बाकीच्यांना बूटएफएसमधल्या कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये डीटीओव्हरले=जीपीआयओ-शटडाउन ही ओळ घाला आणि पिन ५ व ६ यांच्यामध्ये एक साधे पुश बटण जोडा. दाबले की बोर्ड रीतसर बंद होतो, पुन्हा दाबले की सुरू. पिन ५ वर आय२सीचा (दोन तारांवर बोलणारा) सेन्सर असेल तर मात्र हे जमणार नाही, कारण दोघांची पिन एकच.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा स्विच बघा. नॉर्मल किंवा इको मोडमध्ये वीज बदलायला वेळ लागतो आणि तेवढ्यात बोर्ड बंद पडतो. यूपीएस मोडवर ठेवला की बहुधा टिकतो. राउटरचा मिनी यूपीएस बहुतेक १२ व्होल्टचा असतो, तो थेट जोडला तर बोर्ड जळतो. मधे व्होल्टेज उतरवणारे एलएम२५९६ चे मॉड्यूल लावा आणि बोर्ड जोडण्याआधी मल्टिमीटर लावून त्याचा पितळी स्क्रू ५.१ व्होल्टवर आणा. नवे मॉड्यूल कितीवर लावलेले येईल याचा नेम नसतो. त्यावर ३ अँपिअर लिहिलेले असले तरी हीटसिंकशिवाय २ च्या वर नेऊ नका, म्हणजे यूएसबीवर फारसे ओझे नसलेल्या पाय ३ आणि झिरोसाठी ठीक, पाय ५ साठी नाही. पॉवर बँक वापरणार असाल तर बोर्ड चालू असताना तिचा चार्जर काढा आणि घाला. बऱ्याच बँका त्या क्षणी आउटपुट तोडतात. बोर्ड रीस्टार्ट झाला तर ती बँक या कामाची नाही.

मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा प्लग आणि लॅनची केबल दोन्ही काढून ठेवा. लॅनच्या तारेतून येणारा झटका अडॅप्टर अडवू शकत नाही.

ओल आणि खारा वारा

वास्को, कोलवा, मोरजी अशा किनाऱ्यालगतच्या घरांत उघडा ठेवलेला बोर्ड पावसाळ्यात वेगळाच त्रास देतो: कार्ड कधी दिसते, कधी नाही. कार्डाचे सोनेरी पट्टे आणि यूएसबीचे टोक ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ कापडावर पुसा, पूर्ण वाळू द्या. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्केवाल्यात पाणी असते, ते नको. एसीच्या खोलीतून बोर्ड बाहेर आणलात तर अर्धा तास थांबून वीज द्या. थंड बोर्डावर दव धरते. डबा पूर्ण बंद करून आत सिलिका जेल ठेवणे पाय झिरोला चालते, पाय ४ ला नाही. तो ८० अंश सेल्सिअसला वेग कमी करू लागतो आणि बंद डब्यात तिथे लवकर पोहोचतो.

एवढे सगळे तपासूनही लाल दिवाच लागत नसेल तर बोर्डावरची प्रत्येक जोडणी काढा, कार्डसुद्धा, आणि फक्त वीज द्या. पाय ३ आणि त्याआधीच्या बोर्डांवर आपोआप सावरणारा फ्यूज असतो. शॉर्ट झाल्यावर तो तापून वाट अडवतो आणि पूर्ण पूर्ववत व्हायला कधी काही दिवस घेतो, म्हणून असा बोर्ड लगेच टाकून देऊ नका. नंतर पिन १ आणि ग्राउंडमधले व्होल्टेज जंपरच्या मदतीने मोजा. ३.३ च्या जवळ असेल तर आशा आहे. पाय ४ असेल तर इमेजरमधून बूटलोडर (बोर्डाला सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम) दुरुस्तीचे कार्ड बनवून लावा. काम झाले की हिरवा दिवा भराभर मिचकू लागतो आणि पडदा हिरवा होतो. पाच व्होल्ट नीट पोहोचत असूनही पिन १ वर काहीच नसेल तर बोर्डावरचा रेग्युलेटर गेला आहे, आणि तो घरी बदलण्यासारखा नाही.